मुलांचे स्वस्त लॅपटॉप कपाटात मरतात : या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडल्या की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, मार्चमध्ये सगळे चालू होते, आता एकही सुरू होत नाही." जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या शाळांचे लॅपटॉप मी दुरुस्त करतो. बघायला जाण्याआधीच मला अंदाज आलेला असतो. परीक्षा संपल्यावर लॅपटॉप लोखंडी कपाटात गेले, कुलूप लागलं आणि दीड महिना कुणी ते उघडलं नाही. मुलांवर उगाच आळ येतो.

ते कपाट असतं पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश, मग पत्र्याखाली काय होत असेल? लिथियमची बॅटरी पूर्ण उतरवून ठेवली तर ती पडल्या पडल्या आणखी उतरते. व्होल्टेज फार खाली गेला की आतलं संरक्षक सर्किट तिला चार्जच होऊ देत नाही. पूर्ण भरून ठेवली तर उष्णतेने ती लवकर खराब होते, फुगतेही. एका शाळेत मी झाकण उघडलं तर टचपॅड वर उचललेला, तळाचे स्क्रू ताणलेले. बाईंना वाटलं होतं, मुलांनी आपटला असेल.

म्हणून सुट्टीआधी बॅटरी अर्ध्यावर आणा, साधारण ४० ते ५० टक्के. मशीन पूर्ण शटडाऊन करा, नुसतं झाकण लावून चालत नाही. गावात कुणाचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल तर तिथे ठेवा, तिथला गारवा कपाटात कुठून येणार? महिन्यातून एकदा बॅटरी किती उरली ते बघा. चार्ज करायचं ते पहाटे. बहुतेक लिथियम सेलना चार्जिंगच्या वेळी ४५ अंशांच्या वरचं तापमान सोसत नाही.

बंद पडलेला लॅपटॉप लगेच भंगारात काढू नका. आधी दुसऱ्या मशीनचा, त्याच जातीचा आणि चालू असलेला चार्जर लावा. तासभर तसाच राहू द्या. मग चार्जर काढून पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरा, चार्जर परत लावा आणि सुरू करून बघा. निम्म्या वेळा काम इथेच होतं. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर यातलं काहीच करू नका. चार्जर लावायचा नाही, दाबायचं नाही, टोचायचं नाही; जाणकाराकडून काढून घ्या.

दुसरी चूक इन्व्हर्टरची. "लाईट उनी का?" (लाईट आली का?) विचारत सगळे थांबतात आणि मग इन्व्हर्टरवरच तीसच्या तीस चार्जर एकदम लागतात. ४५ वॉटचे ३० अडॅप्टर म्हणजे १,३५० वॉट. घरगुती इन्व्हर्टरला तेवढं झेपत नाही, तो ट्रिप होतो. दहा-दहाच्या पाळ्या लावा. सोलर असेल तर पॅनलची वायर थेट लॅपटॉपला जोडू नका. '१२ व्होल्ट'च्या पॅनलला भार नसताना उन्हात २० व्होल्टच्या वर दाब येतो. मध्ये दाब आवाक्यात ठेवणारा चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी हवीच.

दिवाळीनंतर तक्रार वेगळी येते : मशीन तापतं, फॅन घरघरतो. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला असतो आणि पोरगं त्याच खोलीत अभ्यासाला बसतं. एकदा मी फॅन उघडला तर आत जाळीला कापसाची चांगली वळलेली वातच सापडली. मुलांसाठी घ्यायचं तर फॅन नसलेलं, कमी वीज खाणारं मशीन घ्या. पण तेही गोधडीवर ठेवू नका, कारण त्याची उष्णता तळातूनही बाहेर पडते.

घेताना सगळे रॅम विचारतात. बॅटरी स्क्रूने निघते का आणि इथे मिळते का, हे कुणी विचारत नाही. गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप द्यायचे म्हणून निकोलस नेग्रोपाँटे यांनी काढलेल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेच्या एक्सओ मशीनला रॅम होती फक्त २५६ एमबी. पण त्यात फॅन नव्हता, कीबोर्ड रबराचा, धूळ-पाणी आत न जाणारा होता आणि स्क्रीन भर उन्हात वाचता यायची. ठरवलेली १०० डॉलरची किंमत त्यांना कधी गाठता आली नाही, तरी मशीन कुठे वापरलं जाणार याचा विचार त्यांनी केला होता. २००७ साली ते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेतही आलं.

त्याच मशीनचा पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला. २०१२ च्या अहवालात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. कोणत्या तासाला कोणता धडा लॅपटॉपवर घ्यायचा हे ठरलेलं नसेल तर मशीन पुन्हा कपाटातच जातं. इंटरनेट नाही म्हणून थांबू नका. किविक्स या नेटशिवाय वाचायच्या ॲपवर मराठी विकिपीडिया एकदा उतरवून ठेवता येतो. सातवी-आठवीच्या दोन मुलींकडे चार्जिंगची वही द्या. मशीनचा नंबर, तारीख, किती टक्के, एवढंच लिहायचं. आणि कपाटाची एक किल्लीही त्यांच्याकडेच असू द्या.