गावाची लाभार्थी यादी स्वतः वाचायला शिका

ह्यांच्या मागे वारस नोंद होऊन सातबारा माझ्या नावावर झाला, पण पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता काही येईना. विचारायला गेलं की 'वरूनच बंद आहे' एवढंच उत्तर. शेवटी भाचीला बसवून गावाची यादी काढली. त्यात माझं नाव नव्हतं, ह्यांचं मात्र होतं. त्या दिवसापासून मी यादी वाचते.

पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'बेनिफिशियरी लिस्ट' उघडा. राज्यापासून गावापर्यंत एकेक निवडत गेलात की सगळी नावं समोर येतात. मोबाईलवर वाचत बसू नका, कागदावर छापून घ्या. आणि एकट्याने तर मुळीच वाचू नका. आमच्या गावात एकाच नावाचे तिघे आहेत आणि यादीत नावापलीकडे फारसं काही नसतं. कुणाची जमीन कुठल्या गटात, कोण वारलं, कोणी शेत विकलं हे जाणणारी दोन माणसं शेजारी हवीत.

मी सुटलेल्यांची खूण आधी करते. आमच्याकडे माझ्यासारख्या आणखी तिघी निघाल्या, तिघीही विधवा. फेरफाराची नक्कल, मृत्यूचा दाखला आणि आधार घेऊन आम्ही चौघींनी नव्याने नोंदणी केली.

नको ती नावं दिसली तर लगेच बोट दाखवू नका. आयकर भरणारे आणि महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे अपात्र आहेत, पण चतुर्थ श्रेणीतल्या निवृत्त कर्मचाऱ्याला ही पेन्शनची अट लागत नाही. म्हणजे निवृत्त शिपाई यादीत असला तर ती चोरी नव्हे.

ठिबक, शेततळं, अवजारं यांच्या अनुदानाची नावं मिळवायला माहिती अधिकार वापरा. जोडपत्र 'अ' म्हणजे त्या अर्जाचा ठरलेला नमुना, तो भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. मी असं लिहिलं होतं: 'एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ या काळात आमच्या गावात ठिबक अनुदान मिळालेल्यांची नावे, प्रत्येकाची रक्कम व ती जमा झाल्याची तारीख द्यावी.' आधार आणि खाते क्रमांक चुकूनही मागू नका. ते कुणाचंही उघड होऊ नये, आणि अर्ज फेटाळायला तेवढं निमित्त पुरतं. 'ही खाजगी माहिती आहे' असं कोणी म्हणालं तर २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ख) काढून त्यातला बारावा मुद्दा दाखवा. अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कुणी मागण्याआधीच जाहीर करायचा असतो, असं तिथे लिहिलंय. आपल्या कराचा पैसा कुणाच्या शेतात गेला, हे आपल्याला कळायलाच हवं.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. म्हणून अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. माझ्या पहिल्या अर्जाची पोच नव्हती, तो सापडलाच नाही.

मिळालेली यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि वाचल्याची नोंद इतिवृत्तात झाली का, ते सही करण्याआधी बघा.