वर्गात आदिवासी पोरं असतील तर या चुका टाळा

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नाशिकच्या बऱ्याच कॉलेजांत सेम सीन असतो. बॅनर लागतो, बिरसा मुंडांच्या फोटोला हार, सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या मुलामुलींना आदल्या दिवशी सांगितलेलं असतं की पारंपरिक ड्रेस घालून या आणि एक नाच बसवा, मग फोटो निघतात, ते नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाईलला लागतात आणि 10 तारखेपासून जैसे थे. कार्यक्रम करा, जरूर करा. पण समावेशन म्हणजे कार्यक्रम असं समजून बसलात तर गाडी तिथेच अडकते. कॅनडात 2015 ला सत्य आणि सलोखा आयोगाने 94 शिफारशी केल्या, त्यानंतर तिथल्या युनिव्हर्सिट्यांत कार्यक्रमाआधी 'ही जमीन मूळ अमुक लोकांची' असं वाचून दाखवायची पद्धत चांगलीच वाढली, आणि आता तिथले आदिवासीच विचारतात, वाचून झालं, पुढे काय? आपल्याकडेही हाच प्रश्न आहे.

सगळ्यांना एकाच खात्यात टाकणं

कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी, सगळे आपल्याच जिल्ह्यातले, पण बोली वेगळी, देव वेगळे, घरची परिस्थितीही वेगळी. तरी भिल्ल पोराला 'अरे गॅदरिंगसाठी भिंतीवर वारली पेंटिंग काढून दे' म्हणणारे सर आहेत, आणि तो बिचारा यूट्यूब बघून काढतो!

हजेरीचा हिशोब डोळे झाकून लावणं

इथे सगळ्यात जास्त पोरं गळतात, म्हणून जरा सविस्तर. जुलैत भाताची आवणी (रोपांची लावणी) असते, घरातला एकेक हात लागतो. पाऊस सरला की पेठ, सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला येतात, ऑक्टोबरात छाटणी, पुढे जानेवारीपासून काढणी. आता आपलं टाइमटेबल बघा, पहिली इंटर्नल नेमकी आवणीत आणि प्रॅक्टिकल काढणीच्या तोंडावर. मग 75 टक्क्यांचा नियम, डिफॉल्टर लिस्ट, पालकांना घेऊन ये. पालक बागेत रोजावर आहेत हो, एक दिवस कॉलेजात आले तर तो रोज बुडाला.

नियम आपल्या हातात नाही हे मान्य, पण इंटर्नलची तारीख बहुतेकदा डिपार्टमेंटच्याच हातात असते. ती आठ-दहा दिवस पुढे ढकला, रिटेस्ट आधीच जाहीर करा, नोट्स वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ न टाकता साध्या फोटोत टाका कारण गावात रेंज नसते. आणि सकाळी पहिल्या लेक्चरला उशिरा आलेल्याला दारात उभं करण्याआधी विचारा की एसटी कुठून येते, पावसात सावळघाटात गाड्या अडकल्या तर तो काय करणार?

'पोर्शनमध्ये नाही' म्हणून हात वर करणं

हे कारण मला अजिबात पटत नाही. 1857 ला मुंबई विद्यापीठ सुरू झालं हे आपण शिकवतो, पण त्याच साली आपल्या सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याला भिल्ल पुढारी भागोजी नाईकांनी इंग्रजांशी झुंज दिली, त्यात हेन्री नावाचा इंग्रज पोलीस अधिकारी पडला, हे किती वर्गांत येतं? आणि आलं तरी कुठून येतं, तर इंग्रज सरकारने काढलेल्या 1883 च्या नाशिक गॅझेटियरमधून, म्हणजे साहेबाच्या नजरेतून. गॅझेटियर वापरूच नका असं नाही, फक्त उतारा दिल्यावर पोरांना विचारा की हे कोणी लिहिलंय, कोणासाठी, आणि भिल्लांना लुटारू म्हटल्याने कोणाची सोय होत होती. सोबत 1878 चा जंगल कायदा ठेवा. पिढ्यानपिढ्या वापरातलं लाकूडफाटा-चराई सरकारच्या परवानगीवर कशी गेली ते त्यात दिसतं, मग 2006 च्या वनहक्क कायद्याची गरज का पडली हे वेगळं सांगावं लागत नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी जो मोर्चा गेला त्यात वनजमिनीची मागणी मोठी होती. तुमच्या वर्गातल्या कोणाचे तरी आईवडील त्यात चालले असतील आणि तुम्ही अर्थशास्त्राला उदाहरण देताय दुसऱ्या देशाचं.

सायन्सवाल्यांनीही सुटका समजू नये. शेवळं ही पावसाळी रानभाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळं घालतात, हे डोंगरातल्या मुलीला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असतं. ही खाज आणणारं कॅल्शियम ऑक्झलेट शिकवताना यापेक्षा चांगली सुरुवात कुठली मिळणार? पण व्हायवाला ती 'शेवळं' म्हणाली की एक्झामिनर हसतो आणि बोटॅनिकल नाव विचारतो. नाव शिकवायचंच, पण आधी तिला बोलू द्या.

आता एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आलाय, तिथेही चरक-सुश्रुतावर गाडी थांबते. नागली-वरईचं बियाणं घरात कसं टिकवतात, हीसुद्धा ज्ञानप्रणालीच आहे ना. फक्त प्रोजेक्टला पोरांना गावात पाठवताना एक पथ्य पाळा, ज्या आजीने माहिती दिली तिला विचारून तिचं नाव रिपोर्टमध्ये घाला आणि एक कॉपी गावाला द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, ती आधी बघून घ्या.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) कॅम्पचंही तेच, सात दिवस जाऊन गावाला स्वच्छता शिकवून येतो. निदान दोन संध्याकाळी गावकऱ्यांना बोलायला लावा आणि आपण वह्या घेऊन खाली बसा.

वर्गात जात पुकारणं

'एसटीवाल्यांनी उभे राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म राहिलेत.' हे आजही चालतं, बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं पण त्या मिनिटाला अख्खा वर्ग मागे वळून बघतो. महाडीबीटीची (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलची) लिस्ट असेल तर वेगळा मेसेज करा, फोन करा. जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी अडकलीय म्हणून फीसाठी पोराला खिडकीवर चारदा फिरवू नका, कोणता कागद कमी आहे ते एकदाच लिहून द्या.

आणि तक्रार आली तर 'अगं मस्करी केली असेल' म्हणून मिटवू नका. यूजीसीच्या 2012 च्या नियमांत कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं स्पष्ट आहे. तुमच्याकडे ते काम कोणाकडे आहे ते ऑफिसात विचारून बघा, काही ठिकाणी त्या सरांनाच माहीत नसतं. नाव कळलं की नंबरासकट नोटीस बोर्डावर लावा, होस्टेलच्या मेसबाहेरही एक लावा.