पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याची रीत

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या, तरीही धडधाकट असलेल्या लॅपटॉपचे काय करावे, असे फोंड्या-म्हापशाचे ओळखीचे लोक मला विचारू लागले. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली सुरू करून पाहावी, हे माझे उत्तर आहे, कारण त्यासाठी आतल्या डिस्कला हात लावावा लागत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणे सोपे आहे. आठ जीबीचा पेनड्राइव्ह जोडून रूफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये मिंटची आयएसओ फाइल (सगळी प्रणाली एकत्र बांधलेली फाइल) निवडावी, पार्टिशनची (भाग पाडण्याची) पद्धत जीपीटी ठेवावी आणि स्टार्ट दाबावे. त्यावरचे जुने सर्व काही पुसले जाते. फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी.

खरी अडचण पुढे आहे: संगणकाने आतली डिस्क सोडून पेनड्राइव्हकडे पाहावे कसे? मीही याच ठिकाणी पुष्कळ अडखळलो आहे. त्यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद करा, लेगसी चालू करा’. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारी यंत्राची मूळ व्यवस्था, सिक्युअर बूट म्हणजे फक्त मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारे संरक्षण आणि लेगसी म्हणजे संगणक सुरू करण्याची जुनी पद्धत. हा सल्ला ऐकू नये. यूईएफआय या नव्या पद्धतीने बसवलेले विंडोज लेगसी पद्धतीत सुरूच होत नाही आणि मग चांगली डिस्क बिघडली असे समजून माणूस दुकानात धावतो. सिक्युअर बूट बंद केल्यास, डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल तर, विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते, म्हणून ती की आपल्या खात्यातून आधी कागदावर उतरवून ठेवावी आणि मगच पुढे जावे. मिंट, तसेच उबुंटू आणि फेडोरा हे लिनक्सचे इतर प्रकार सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. काही नव्या लेनोव्हो यंत्रांवर मात्र बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्राला परवानगी द्यावी लागते; तेवढाच बदल करावा, बाकी काही नाही.

विंडोज चालू असेल तर सर्वांत खात्रीचा मार्ग असा: शिफ्ट दाबून धरावे, रीस्टार्टवर क्लिक करावे, निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडून पेनड्राइव्हचे नाव घ्यावे. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करण्यात अर्थ नाही. फास्ट स्टार्टअप चालू असल्यास विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, यंत्र झपाट्याने उठते आणि कळ दाबण्याची वेळ हुकते. विंडोजच उठत नसेल किंवा तो पर्याय दिसत नसेल, तर यंत्र चालू होताच बूट मेनूची (कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ भराभर दाबत राहावी. डेल आणि लेनोव्होवर ती बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप असते. एसरवरही एफ१२ असते, पण अनेकदा ती बायोसमध्ये आधी चालू करावी लागते. बूटचा क्रम कायमचा बदलू नये. एका वेळेपुरता मेनू पुरतो.

या मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो. ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिले आहे तोच निवडावा. मुळीच न दिसल्यास हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे साधन) काढून थेट पोर्टमध्ये लावावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला.

मिंट सुरू झाल्यावर वायफाय, आवाज आणि छपाई तपासावी. या अवस्थेत केलेले बदल जतन होत नाहीत. विंडोजच्या डिस्कवरील फाइली बघाव्यात, पण तिच्यावर काही लिहू नये, कारण ती अर्धवट झोपलेली असू शकते. डेस्कटॉपवरील ‘इन्स्टॉल’ चिन्हाला सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे झाल्याशिवाय हात लावू नये. बंद करताना सूचना येईल तेव्हाच पेनड्राइव्ह काढून एंटर दाबावे.