केव्हज ऑफ कड खेळायलाव? मग पहिला माणूस असा बनवा

आमच्या गल्लीतल्या ज्या ज्या पोरानं माझं बघून हा गेम घेतला तो पहिल्या अर्ध्या तासात मेला आणि वरून मलाच शिव्या घालायला लागला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे दरवेळेस तोंड दुखवायला नको. मी काय लै भारी खेळाडू नाही हे आधीच सांगतो. पण मेलोय लै. आणि मरून मरून जे कळलंय तेवढंच सांगायलोय.

गेम म्हणजे केव्हज ऑफ कड. फ्रीहोल्ड गेम्स म्हणून छोटी टीम आहे तिचा, २०१५ पासून अर्ली ॲक्सेसमधी (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला) होता, पूर्ण वर्जन आलं ५ डिसेंबर २०२४ ला आणि २०२५ चा ह्यूगो म्हणून सायन्स फिक्शनचा मोठा अवॉर्ड असतो तोपण त्याला मिळाला. ग्राफिक्स बघून नाक मुरडू नका, चौकटी-चौकटीचा आहे, पण त्याच्यामुळंच माझ्या कॉलेजच्या जमान्यातल्या लॅपटॉपवर फॅन न ओरडता चालतो. टर्न बेस्ड आहे, तुम्ही एक पाऊल टाकलं की जग एक पाऊल टाकतं, तुम्ही थांबलात की सगळं थांबलं, त्यामुळं मधीच आईनं पाण्याचा जार आणायला पाठवलं तरी काही बिघडत नाही. पण मेलात की मेलात. क्लासिक मोडमधी मागं येणं नाही, नवा माणूस बनवा आणि परत पहिल्यापासून.

तर पहिली गोष्ट, क्लासिक घेऊच नका. सुरुवातीला मोड विचारतो तिथं रोलप्ले घ्या, त्याच्यात गावात आलं की चेकपॉइंट बसतो आणि मेल्यावर तिथून सुरू होतं. काहीजण म्हणतील ही चीटिंग आहे, म्हणू द्या, सायकल शिकताना मागून कुणीतरी धरलेलंच असतं. वाँडर म्हणून अजून एक मोड आहे, त्याच्यात बरेचशे प्राणी अंगावर येत नाहीत आणि मारण्याचे एक्सपी, म्हणजे लेवल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट, मिळत नाहीत, नुसतं फिरायचं असेल तर तो चांगला, पण माणूस कसा बनवायचा ते त्याच्यात नीट कळत नाही.

आता खरी चूक कुठं होते ते ऐका. सगळेजण माणूस बनवताना शेवटच्या लेवलचा विचार करतेत. की ह्याला पुढं हे येईल, मग ते येईल, मग हा उडायला लागेल आन् मनानं माणसं फोडायला लागेल. अरे पण पहिल्या लेवलला त्याच्या अंगात किती जीव आहे ते तर बघा! माझा पहिला माणूस असाच होता, सगळ्या मेंदूच्या शक्ती घेतलेल्या, टफनेस म्हणजे काटकपणा सगळ्यात कमी, दहावरच सोडलेला, नाव ठेवलं होतं दगडू. गावाच्या बाहेर पडला, स्नॅपजॉ म्हणून तरसाच्या तोंडाचे प्राणी असतेत ते चार आले, एकाच्या हातात धनुष्य, दगडूनं एकाला मेंदूनं पकडलं आणि तेवढ्यात बाकीच्या तिघांनी त्याचं भरीत केलं. तीन मिनिटं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले दोन तास जगेल असा माणूस बनवा, विसाव्या लेवलचं विसाव्या लेवलला बघू.

सुरुवातीला दोन जाती विचारतो, म्युटेटेड ह्यूमन आणि ट्रू किन. ट्रू किनला म्युटेशन, म्हणजे अंगातच उगवलेल्या शक्ती, नसते, त्याच्या अंगात मशीन बसवायची असते, आणि पुढची मशीन मिळायला आणि बसवायला वेळ लागतो. नवीन माणसानं म्युटेटेडच घ्यावा. सहा गुण असतेत, स्ट्रेंथ (ताकद), अजिलिटी (चपळाई), टफनेस (काटकपणा), इंटेलिजन्स (अक्कल), विलपॉवर (जिद्द) आणि इगो (रुबाब), सगळे दहापासून सुरू आणि वाटायला ४४ पॉइंट. १८ पर्यंत एकाला एक पॉइंट लागतो, १८ च्या पुढं एकाला दोन. आणि हे डोक्यात ठेवा की १६ म्हणजे शून्य. म्हणजे १६ ला फायदा नाही तोटा नाही, वर दर दोनला एक बोनस, खाली दर दोनला एक मार. मी हे कळायच्या आधी १४-१४ करून सगळ्यांना सारखं वाटायचो, जसं लग्नात पंगतीला वाढतेत तसं, आणि मग माणूस सगळ्याच गोष्टीत कच्चा.

कुऱ्हाड घेऊन मारणारा माणूस बनवणार असाल, आणि पहिल्यांदा तोच बनवा, तर मी असं वाटतो: स्ट्रेंथ २०, टफनेस २०, अजिलिटी १८, विलपॉवर १६, इंटेलिजन्स १४, इगो १२. हिशोब करून बघा, बरोबर ४४ लागतेत. इगो कमी ठेवला की दुकानदार महाग देतो आणि स्वस्तात घेतो, पण ते चालतंय, आपला अडत्यासोबतचा अनुभव आहेच. इंटेलिजन्सवर दर लेवलला मिळणारे स्किल पॉइंट ठरतेत म्हणून तो अगदी दहावर सोडू नका.

स्ट्रेंथ एवढी का, ते जरा सांगतो कारण हे गेम नीट समजावून सांगत नाही. ह्याच्यात वार लागणं वेगळं आणि वार आत घुसणं वेगळं. लागतो का नाही ते तुमच्या अजिलिटीवर आणि समोरच्याच्या चपळाईवर, पण लागल्यावर तो चिलखत भेदून आत जातो का ते स्ट्रेंथवर. स्ट्रेंथ कमी असली की तुम्ही दहा वेळा मारता, दहाही वेळा लागतं, आणि समोरच्याचं एक केस वाकडं होत नाही. माझ्या धाकट्या भावाचा माणूस एका खेकड्याला अख्खी संध्याकाळ मारत बसला होता, मी जेवून आलो तरी चालूच.

म्युटेशनला १२ पॉइंट मिळतेत. इथं पोरं वेडे होतेत, कारण यादीच तशी आहे, पंख, शिंगं, चार हात, आगीचा झोत, काळ मंदावणं. माझ्याकडून घ्या, मल्टिपल लेग्ज ५, रीजनरेशन ४, डबल मसल्ड ३, झाले १२. जास्तीचे पाय लागले की पळायला येतं आणि ओझं जास्त उचलता येतं, आणि ह्या गेममधी जो पळतो तोच जगतो, शूर सगळे मातीत आहेत. रीजनरेशननं जखम लवकर भरती. डबल मसल्डनं ताकद वाढती. कॅरापेस म्हणून कासवाच्या पाठीसारखं कवच असतं, तेपण ३ चं आहे आणि सुरुवातीला बरं वाटतं, पण ते घेतलं की अंगावर दुसरं चिलखत घालता येत नाही, म्हणून मी सोडून दिलं. मेंदूच्या शक्ती इगोवर चालतेत, इगो १२ असताना त्या घेऊच नका. आणि त्या लै वाढवल्या की दुसऱ्या मितीतले लोक तुम्हाला हुडकत मारायला येतेत, हे मला मेल्यावर कळलं, नववा की दहावा दगडू असेल तेव्हा, नाव मी दरवेळेस तेच ठेवतो.

कॉलिंग म्हणजे धंदा. मॅरॉडर घ्या, त्याला कुऱ्हाडीचं स्किल सुरुवातीपासून येतं. दुसरा पर्याय नोमॅड, त्याच्या अंगावर रिसायकलिंग सूट असतो जो घामाचं परत पाणी करतो. आता हे ऐकून तुम्ही हसाल पण थांबा, पाण्याचं सांगायचंच आहे, आणि ते आपल्याइतकं कुणाला कळणार.

ह्या गेममधी पाणी हाच पैसा आहे. खरंच. गोडं पाणी, ड्रॅम म्हणून माप आहे त्याच्यात मोजायचं, दुकानात जायचं आणि पाणी देऊन कुऱ्हाड आणायची. आणि तेच पाणी प्यायचंपण असतं. मी लातूरचा, २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो, मांजरा धरण कोरडं पडलेलं, घरात पिण्याची घागर वेगळी, वापरायची बादली वेगळी, आणि पिण्याच्या घागरीत कुणी वापरायचा तांब्या बुडवला की आजी जी ओरडायची ती अख्ख्या वाड्याला ऐकू जायची. तर त्या आजीला हा गेम एका मिनिटात जमला असता. कारण इथं नवीन पोरांची सगळ्यात मोठी चूक हीच, वाटेत डबकं दिसलं की भरली बाटली. ते खारं असतं, नाहीतर चिखलाचं, नाहीतर कशाचं तरी रक्त, आणि ते गोड्या पाण्यात मिसळलं की सगळं पाणी गेलं, म्हणजे पैसापण गेला आणि पिणंपण गेलं. डबक्यावर जाऊन आधी बघा काय आहे, आणि घाण पाण्याला वेगळी बाटली ठेवा. पिण्याची घागर वेगळी.

पाण्याला वजनपण आहे, म्हणून लै साठवून फिरू नका. तांब्याचे गोळे, चांदी, खडे असं काही मिळालं तर ते ठेवा, दुकानात त्याची पूर्ण किंमत मिळते आणि ओझं कमी. साधारण प्यायला पुरेल एवढं पाणी आणि बाकी मालात, असा हिशोब ठेवा. एखाद्या टोळीच्या म्होरक्यासोबत वॉटर रिच्युअल करता येतो, एक ड्रॅम पाणी दोघांनी वाटून प्यायचं, मग ती टोळी तुम्हाला आपलं मानती आणि त्यांच्याकडून काही स्किलपण शिकता येतेत. घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, तसंच आहे हे. एक ड्रॅमसाठी कंजूषपणा करू नका.

आता माणूस तयार झाला, पुढं काय. जोप्पा गावातूनच सुरू करा, दुसरं गाव घेऊ नका, कारण जोप्पात काय कुठं आहे ते ठरलेलं आहे. तिथं अर्गाईव म्हणून मिस्त्री आहे, त्याला कुठलीतरी जुनी भंगार मशीन आणून दिली की एक्सपी मिळतेत, मारामारी न करता. मेहमेत म्हणून शेतकरी आहे, त्याच्या पिकाला काहीतरी खायलंय, ते हुडकायला उत्तरेला रेड रॉकला पाठवतो. शेतकऱ्याचं नुकसान म्हणल्यावर आपण लगेच पळतो, मीपण पळालो होतो. पळू नका. आधी गावाच्या आजूबाजूला दलदलीत एक-दोन लेवल करा, मिळालेलं सामान ताम नावाच्या व्यापाऱ्याला विका, डोक्यावर आणि पायात काहीतरी घाला, मग जा.

रेड रॉकला वरच स्नॅपजॉ असतेत, आणि खाली गुहेत अजून. उघड्यावर उभं राहून लढलात की चारी बाजूनी येतेत. मागं सरका, अरुंद बोळ बघा आणि बोळाच्या तोंडाशी उभे राहा, म्हणजे एका वेळेस एकच समोर येतो. धनुष्यवाला लांबून मारायलाय असं दिसलं की भिंतीच्या कोपऱ्याआड जा, तो मग जवळ येतो, आणि आला की कुऱ्हाड. प्रत्येक नवीन प्राण्याकडं आधी लुक करून बघा, तिथं लिहिलेलं असतं हा सोपा आहे का अवघड का अशक्य. अशक्य लिहिलं असेल तर ती धमकी नाही, माहिती आहे. स्प्रिंट म्हणजे पळायचं बटण दाबा आणि निघा, पाय जास्तीचे त्याच्यासाठीच घेतलेत. अर्धा जीव राहिला की निघायचं, पाव राहिल्यावर नाही, ही सवय लावायला मला वीसेक दगडू लागले. रक्त वाहायला लागलं तर बँडेज. विचवुडची साल खाल्ली की जीव भरतो पण डोकं गरगरून माणूस भलतीकडंच चालायला लागतो, म्हणून ती लढाईत खाऊ नका, आडोशाला बसून खा.

लेवल वाढली की म्युटेशन पॉइंट एक-एक मिळतो. साठवून चार झाले की नवीन म्युटेशन घेता येतं, तीन दाखवतो त्यातलं एक. पण पहिले काही पॉइंट मी आहे त्याच्यावरच घालतो, रीजनरेशन आणि पाय. स्किल पॉइंटपण कुऱ्हाडीतच घाला, थोडं पिस्तूल थोडी तलवार असं करू नका. नकाशावर लांब जायची घाईपण नको, वाट चुकते, आणि वाट चुकली की पाणी संपतं.

शेवटचं, माणूस बनवून झाला की त्याचा बिल्ड कोड मिळतो, तो कुठंतरी सेव्ह करून ठेवा, मी आमच्या पोरांच्या ग्रुपवर टाकून ठेवलाय. क्लासिकमधी मेलं की तोच कोड टाकायचा, परत सगळं वाटत बसायला नको. नाव तेवढं बदला म्हणतेत, मी बदलत नाही, नुसता नंबर वाढवतो. सध्या दगडू ३७ चालू आहे, रेड रॉकच्या दुसऱ्या मजल्यावर बोळाच्या तोंडाशी उभा आहे, समोर तीन स्नॅपजॉ, अंगात निम्म्याच्या वर जीव आणि बाटलीत २२ ड्रॅम गोडं पाणी. आई जेवायला बोलवायली म्हणून तसाच सोडून हे लिहायला बसलोय.