कठोर शब्द मुद्दाम कसा वापरावा: खान्देशातील लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी

लाच घेण्याला 'चहापाणी', अपहाराला 'अनियमितता' आणि मरणाला 'देवाघरी जाणे' म्हणण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की ते कोणी शिकवावे लागत नाही. याच्या उलट प्रकार, म्हणजे साधा शब्द हाताशी असताना मुद्दाम बोचरा, ओबडधोबड किंवा उपमर्द करणारा शब्द उचलणे, हा मात्र बहुधा रागाच्या भरात घडतो आणि त्यामुळेच फसतो. रागात निघालेल्या शब्दावरून ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा पारा कळतो, प्रकरण कळत नाही. ज्यांना ग्रामसभेत तक्रार मांडायची आहे, एखाद्या साप्ताहिकात गावाचा प्रश्न लिहायचा आहे, किंवा कथेतल्या सासूला आणि अडत्याला खरे बोलते करायचे आहे, त्यांना कठोर शब्द थंड डोक्याने निवडता आला पाहिजे.

निवडीची सुरुवात कठोर शब्दापासून करू नये. आधी मधला, म्हणजे निव्वळ माहिती देणारा शब्द शोधावा, त्याच्या वरच्या अंगाला सौम्य आणि खालच्या अंगाला कठोर शब्द मांडावेत, आणि मग आपण किती पायऱ्या खाली उतरतो आहोत ते पाहावे. 'भोजन घेणे', 'जेवणे', 'खाणे', 'हादडणे', 'गिळणे', 'चरणे' ही उतरंड सर्वांच्या परिचयाची आहे. पण खालचे शब्द केवळ अधिक जोरकस आहेत असे समजणे चूक ठरेल, कारण त्यांतला प्रत्येक शब्द वेगळा आरोप करतो. 'हादडणे' या शब्दात प्रमाणाबाहेर खाल्ल्याचा आरोप आहे, 'गिळणे' या शब्दात वाढणाऱ्याची नाखुशी आहे, आणि 'चरणे' या शब्दात दुसऱ्याच्या रानात तोंड घातल्याचा ठपका आहे. सरकारी निधीवर डल्ला मारणाऱ्याबद्दल लिहिताना 'हादडला' आणि 'चरला' यांत निवड करायची असेल, तर दुसरा शब्द अधिक नेमका, कारण निधी त्याचा नव्हता ही गोष्ट तो शब्दच सांगून टाकतो. बोलण्याच्या क्रियापदांतही हेच दिसते. 'बरळणे' म्हणजे शुद्ध नसल्यासारखे बोलणे, 'पचकणे' म्हणजे नको त्या वेळी बोलणे, 'भुंकणे' म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जाण्यासाठी बोलणे. अधिकाऱ्याने बैठकीत चुकीची आकडेवारी दिली असेल, तर यांपैकी एकही शब्द बसत नाही; तिथे 'खोटे बोलला' हाच शब्द योग्य, आणि तोसुद्धा त्याला खरे माहीत होते हे दाखवता येत असेल तरच.

शब्दकोशातून कठोर शब्द आणण्याऐवजी मराठीच्या व्याकरणातूनच कठोरपणा आणता येतो, आणि तो अनेकदा अधिक परिणामकारक ठरतो. 'आले', 'म्हणाले' हे आदरार्थी अनेकवचन काढून 'आला', 'म्हणाला' केले, की तेवढ्यानेच माणूस खुर्चीवरून खाली येतो. माणसाला नपुंसकलिंग लावले, 'ते येडं', 'ते कार्टं' असे म्हटले, की त्याची वस्तू होते. अर्थात हेच नपुंसकलिंग लाडातही चालते, त्यामुळे आजूबाजूच्या वाक्याने अर्थ पक्का करावा लागतो. प्रत्ययांची एक जुनी तुकडी याच कामासाठी आहे: कवीचा 'कवडा', कारकुनाचा 'कारकुंडा', मास्तराचा 'मास्तुरडा'. यांत व्यक्तीच्या कामापेक्षा तिच्या दर्जावर घाव बसतो, म्हणून तक्रारीच्या लेखनात ते टाळावेत आणि कथेतल्या पात्रांच्या तोंडी ठेवावेत. सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन म्हणजे जोडशब्दातले निरर्थक प्रतिध्वनी. 'समिती नेमली, अहवाल आला' या वाक्यात काहीच वावगे नाही. 'समिती-बिमिती नेमली, अहवाल-बिहवाल आला' असे म्हटले की एकही कठोर शब्द न वापरता समिती आणि अहवाल दोन्ही फोल ठरतात, आणि त्याबद्दल कोणाला नोटीसही पाठवता येत नाही.

घाव कुठे बसवावा

मुद्दाम कठोर शब्द वापरण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या राज्यात शासनानेच केला आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत 'हागणदारीमुक्त गाव' हे शब्द कमानींवर, फलकांवर आणि शासकीय पत्रांत उजळ माथ्याने वावरू लागले. 'प्रातर्विधी', 'परसाकडे', 'बाहेर जाणे' असे शब्द घराघरांत असताना सरकारी कागदाने सर्वांत उघडा शब्द का घेतला असावा, याचा विचार करण्यासारखा आहे. साधारण त्याच सुमारास, २००० साली, भारतीय विकास-सल्लागार कमल कार यांनी बांगलादेशात गावकऱ्यांच्या सहभागातून स्वच्छतेची जी पद्धत सुरू केली, तिचा तर हा कणाच होता: गावात फिरताना विष्ठेसाठी तिथला अगदी गावठी शब्द वापरायचा, शिष्ट शब्द कटाक्षाने टाळायचा, आणि उघड्यावरची घाण माशीच्या पायांतून ताटात कशी येते हे लोकांच्या डोळ्यांसमोर मांडायचे. शिष्ट शब्दाने किळस झाकली जाते आणि किळस झाकली की संडास बांधण्याची निकड उरत नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

या प्रयोगाचा दुसरा भागही लिहिणाऱ्याने लक्षात घ्यावा. शब्द जोवर उघड्यावर बसण्याच्या प्रथेला लागू होता, तोवर तो सर्वांवर सारखा पडत होता. पुढे पहाटे 'गुड मॉर्निंग पथके' निघाली, आणि टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला अडवून फूल देणे किंवा चारचौघांत लाजवणे सुरू झाले, तेव्हा ज्याच्याकडे संडासाला जागा नव्हती किंवा ज्याच्या घरात पाणीच येत नव्हते, तोच मुख्यतः त्या कठोरपणाच्या तडाख्यात सापडला. प्रथेवरचा शब्द माणसावर घसरला की असे होते. म्हणून कठोर शब्द लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: तो कृतीला लागतो आहे की माणसाला, आणि ज्याला लागतो आहे त्याच्या हातात ती गोष्ट बदलण्याची सोय आहे की नाही.

कठोर शब्द पुराव्याशिवाय उभा राहत नाही. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो, आणि पुढच्या काही वर्षांत त्यावर तंबाखूमुळे वेदनादायी मृत्यू येतो अशा अर्थाची ओळ आली. 'आरोग्यास अपायकारक' या जुन्या शब्दांपेक्षा ही ओळ कितीतरी निष्ठुर आहे, तरीही तिच्यात अतिशयोक्ती नसल्यामुळे ती टिकते.

आता एक तक्रार लिहून पाहू. समजा, अमळनेर किंवा पारोळा तालुक्यातल्या एखाद्या गावात उन्हाळ्यात नळाला बारा दिवसांनी पाणी येते. सौम्य वाक्य असे होईल: 'गावाच्या पाणीपुरवठ्यात काही प्रमाणात अनियमितता आढळते.' हे वाक्य वाचून कोणी खुर्चीवरून हलणार नाही. साधे वाक्य: 'नळाला बारा दिवसांनी एकदा पाणी येते.' बहुतेक तक्रारींना एवढे पुरते, आणि अनेकदा सौम्य वाक्याच्या जागी साधे वाक्य आले, की तेच ऐकणाऱ्याला कठोर वाटू लागते. त्याने काम झाले नाही तर पुढची पायरी: 'वर्षभराची पाणीपट्टी वसूल करून बारा दिवसांनी पाणी सोडणे ही गावाची लूट आहे.' इथे 'लूट' हा शब्द दोन तथ्यांच्या पाठीवर बसलेला आहे, वसुली आणि बारा दिवस, आणि तो पाणी सोडण्याच्या कृतीला लागतो. यापुढे जाऊन 'तुम्ही सगळे लुटारू आहात' असे लिहिले, की दोन्ही तथ्ये वाहून जातात, सभेचा विषय पाण्यावरून मानापमानाकडे वळतो, आणि सरपंचाला हवे असते तेच घडते. एका अर्जात असा एकच शब्द असावा. त्याच्या आगेमागे 'भ्रष्ट', 'नालायक', 'बेशरम' अशी रांग लावली, तर कोणताच शब्द ऐकू येत नाही.

खान्देशचा कान

कठोर काय आणि साधे काय, हे ठरवणारा कान प्रत्येक भागात वेगळा असतो, आणि आपल्याकडे हा घोळ विशेष होतो. अहिराणीत 'डोकरी मरी गई' हे वाक्य आजीच्या नातवाने डोळे पुसत म्हटलेले असू शकते. तेच पुण्याच्या वाचकाला निर्दय वाटेल, कारण प्रमाण मराठीत 'डोकरी' आणि 'मेली' हे दोन्ही शब्द उपमर्दाचे आहेत. 'तुना बाप काय करस?' हा प्रश्न धुळ्याच्या बसस्थानकात ओळख काढण्यासाठी विचारला जातो, भांडण काढण्यासाठी नाही. त्यामुळे प्रमाण मराठीत खान्देशी पात्र लिहिणाऱ्याने 'डोकरी', 'बाप', 'पोऱ्या' यांना उद्धटपणाची खूण म्हणून वापरू नये. तसे केले तर पात्र उद्धट न वाटता लेखकच परका वाटतो.

मग खान्देशात माणूस खरोखर दुखावतो कशाने? बहुतेक वेळा नावामागचे 'भाऊ', 'आबा', 'नाना', 'आप्पा' किंवा 'जिभाऊ' गाळल्याने. ज्या माणसाला आयुष्यभर गाव 'नाना' म्हणत आले, त्याचे सभेत नुसते नाव-आडनाव घेतले तर त्याहून मोठी शिवी लागत नाही. याउलट बरोबरीच्या मित्राला अचानक 'तुम्ही' आणि 'साहेब' म्हणणे, 'तुम्ही तर मोठी माणसे' असे हसून म्हणणे, हेही फार जिव्हारी लागते. इथे अति आदर हाच कठोर शब्दाचे काम करतो. आणि 'काय भो, कुठे मेला होतास इतके दिवस?' हे वाक्य तर जिव्हाळ्याचे आहे. तक्रारीत किंवा लेखात ते वापरता येत नाही, कारण त्याचा अर्थ दोन माणसांच्या जुन्या ओळखीवर चालतो, आणि वाचकाशी आपली तशी ओळख नसते.

मरणाच्या बाबतीत मात्र खान्देशही सौम्यच आहे. सांत्वनाला 'दारवर' जाताना, गंधमुक्तीच्या पत्रिकेत, उत्तरकार्याच्या निमंत्रणात कठोर शब्दाला जागा नाही, आणि मृताचे उद्योग कितीही माहीत असले तरी त्या दिवशी ते तोंडावर आणू नयेत.

नावांचा एक प्रकार इथे आवर्जून सांगतो. दगडू, धोंडू, कचरू, उकिर्डा ही नावे मुले जगत नसलेल्या घरात मूल जगावे म्हणून ठेवली जात. नजर लागू नये यासाठी मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव दिले जाई. कठोर शब्द मायेपोटी वापरल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पण 'नकुशी' या नावात तशी माया नाही. ते मुलगी नको होती हेच सांगते, आणि म्हणूनच २०११ साली सातारा जिल्ह्यात त्या नावाच्या मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावे देण्यात आली. दोन्ही नावे ऐकायला सारखीच रुक्ष आहेत. एकात बोलणारा मुलाला वाचवतो आहे, दुसऱ्यात तो मुलीला नाकारतो आहे.

दुसऱ्याचा कठोर शब्द झेलताना

कठोर शब्द बाजारातले हत्यारही आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत उमद्या घोड्याला 'तट्टू' म्हणणारा ग्राहक घोड्याची पारख चुकलेला नसतो; त्याला भाव पाडायचा असतो. कापसाच्या गाडीत हात घालून 'हा कापूस आहे की चिंध्या?' असे विचारणारा व्यापारीही तेच करतो. अशा वेळी त्याच्या विशेषणाला आपले विशेषण देऊ नये. त्याला मधल्या पायरीवर ओढून आणावे: ओलावा किती, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस किती, फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाचा, माल मिसळलेला आहे का? ओलाव्याला माप आहे. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात करून भाव असा हिशेब असतो. आकडा पुढे आला की 'चिंध्या' हा शब्द आपोआप गळून पडतो. केळीच्या बागायतदाराची अडचण याहून मोठी आहे, कारण घड कापल्यावर माल थांबत नाही आणि हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. म्हणून त्याने भाव आणि प्रत यांचे बोलणे कापणीच्या आधीच उरकावे.

कायद्याची कुंपणे थोडक्यात सांगतो. जातीच्या नावाने केलेला अपमान हा शैलीचा प्रश्नच नाही. अनुसूचित जाती व जमातींच्या सदस्याचा लोकांसमोर असा अपमान करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर हेतुपुरस्सर हिणवण्याला २०१६ च्या कायद्यात सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे, म्हणून 'आंधळा कारभार', 'लंगडी सबब' असे शब्द सवयीने लिहिण्यापूर्वीही थोडे थांबावे, जरी ते कोणा व्यक्तीला उद्देशून नसले तरी. भारतीय न्याय संहितेच्या ३५२ व्या कलमात शांतताभंगासाठी चिथावणारा अपमान येतो आणि ३५६ व्या कलमात बदनामी. बदनामीच्या अपवादांत सत्य आहे, पण नुसते सत्य पुरत नाही; ते जाहीर करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. म्हणूनच नळपाण्याच्या अर्जात पाणीपट्टीची पावती आणि पाणी आल्याच्या तारखांची वही जोडावी, 'लूट' हा शब्द त्या दोन कागदांच्या नंतर येईल असा मजकूर लिहावा, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.