सायलेन्सरच्या तुटलेल्या स्प्रिंगा बदलताना

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेताची पांदण पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल खचते. त्या पांदणीतून रोज धावणाऱ्या आमच्या चारचाकी एटीव्हीचा (खडबडीत वाटेवर चालणाऱ्या, मोटारसायकलसारखे हँडल असलेल्या गाडीचा) आवाज एके दिवशी अचानक फाटला आणि वेग कमी करताच फटफट असे बार निघू लागले. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर खाली वाकून पाहिले, तेव्हा इंजिनाकडील नळी आणि सायलेन्सर यांचा सांधा धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक गायब होती, दुसरीचा आकडा तुटून लोंबकळत होता आणि सांध्याभोवती काजळीचे काळे कडे उमटले होते.

तेथे साधी तार आवळून भागवावे, असा मोह होतो. पण तो सांधा मुद्दामच किंचित हलता ठेवलेला असतो, कारण तापल्यावर नळी लांबते आणि इंजिन सतत थरथरते. म्हणून मी त्याच लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगा मागवल्या. सांध्यातून धूर गळू न देणारी ग्राफाइटची रिंग कडेने झिजली होती, तीही बदलली.

खरी कसोटी स्प्रिंग ताणण्याची. पक्कड निसटली तर आकडा थेट डोळ्याकडे येतो, त्यामुळे चष्मा आवश्यकच. मी स्प्रिंग वाकवून तिच्या वेढ्यांत एकेक पातळ वायसर (मध्ये भोक असलेली धातूची चकती) सरकवत गेलो. ती पुरेशी लांबल्यावर दोन्ही आकडे सहज अडकले आणि मग वायसर एकेक करून काढून घेतले. शेवटी स्प्रिंगांच्या पोटात उष्णतारोधक सिलिकॉन भरले, म्हणजे थरथर कमी होते. इंजिन सुरू केल्यावर सांध्याजवळ धूर दिसला नाही.