चक्कीची भिंत रंगवायला घेताना

कॉलेजमधून नव्याने बाहेर पडलेली मुलं मला सगळ्यात आधी विचारतात, भिंतीवर चित्र काढायचं काम कसं मिळतं? काम मिळतं हो. नागपुरात धरमपेठेतल्या कॅफेपासून वाडीतल्या टायरच्या दुकानापर्यंत आता सगळ्यांनाच भिंतीवर काहीतरी हवं असतं. एक भिंत बरी जमली की बाजूचा दुकानदार स्वतःच येऊन विचारतो. सुरुवातीला शिकायचं ते वेगळंच असतं: कोणती भिंत घ्यायची नाही, आणि घेतलेली भिंत कधी सुरू करायची नाही. बाहेरचं चित्र किती टिकेल हे पहिला ब्रश लागायच्या आधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं. एका कामाच्या निमित्ताने सांगते.

प्रताप नगरच्या बाजूला एक पिठाची चक्की आणि मसाला कांडप आहे. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. रस्त्याकडची भिंत २० फूट लांब, १० फूट उंच, तोंड पश्चिमेला. काकाजींना मिरची हवी होती. तीही आपल्या जिल्ह्यातली, जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेली भिवापुरी. "ताई, लाल म्हणजे लालच दिसली पाहिजे बरं," एवढीच त्यांची अट. पश्चिमेची भिंत, लाल रंग आणि समोर उडणारं पीठ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अनुभवी पेंटर आधी डोकं खाजवतो आणि मग भाव सांगतो.

आधी भिंत बघा. लांबून फोटो काढून घरी डिझाइन करत बसू नका. बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे प्लास्टर सुटलेलं असतं, तिथला रंग प्लास्टरसकटच खाली येणार. तळहात घासून बघा. हाताला पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा जुनं डिस्टेंपर आहे, ते पत्रीने खरवडून काढल्याशिवाय प्रायमर लावण्यात अर्थ नाही. मग ओल बघा. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून सुकलेली नाही. पांढरा खार फुटलेला दिसला तर तो पुसून काम भागत नाही, पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं. बहुतेक वेळा भिंतीच्या पलीकडे न्हाणी असते, नाहीतर वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप. नवीन प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस हात लावायचा नाही. सिमेंटमधला अल्कली ताज्या रंगाला खातो.

काकाजींची भिंत ठोकून पाहिली तर चांगली निघाली, पण तिच्यावर वर्षानुवर्षांचं पीठ आणि मसाल्याची पूड बसून पिवळट साय धरली होती. पत्री लावली की ती सोलून निघायची आणि आम्ही दोघी, मी आणि माझी मदतनीस, शिंकत शिंकत खाली यायचो. अशा भिंतीवर थेट प्रायमर मारला तर तो भिंतीला न धरता पिठाला धरतो. ब्रश आणि थोडी कपड्यांची पावडर घेऊन भिंत धुतली, खालच्या शेवाळावर ब्लिचिंग पावडरचं पाणी मारलं, पुन्हा साध्या पाण्याने धुतली आणि नीट वाळू दिली. धुण्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहा. "धुवायचं तर आमचा पोरगा धुऊन देईन न," असं ग्राहक हमखास म्हणतो. तो पोरगा पाइपने पाणी मारून मोकळा होतो.

आता वेळ कोणती. नागपुरात पावसाळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि पाऊस थांबला म्हणून भिंत लगेच सुकत नाही. दिवाळीच्या आसपास प्लास्टिकची परीक्षा घ्या, पास झाली तर सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले खरे महिने. मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा ऊन लागलेल्या भिंतीला हातही लावता येत नाही. ॲक्रिलिक इमल्शन म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, त्यातलं पाणी अशा भिंतीवर इतक्या झटपट उडतं की रंगाचा थर नीट जुळून येत नाही. ब्रशच्या जोडरेषा दिसतात आणि पुढच्या वर्षी पापुद्रे सुटतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कोणी कितीही घाई केली तरी मी काम घेत नाही. अगदीच अडलं तर पश्चिमेची भिंत सकाळी करायची, पूर्वेची दुपारनंतर. ऊन वळलं की ब्रश धुवायचा आणि घरी जायचं.

काकाजींच्या बाबतीत आणखी एक हिशेब होता. उन्हाळा लागला की घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला करायची गडबड सुरू होते. तेव्हा कांडपासमोर रांग लागते आणि हवेत मिरची असते. ओल्या रंगावर तिखट बसलं तर ते तिथेच राहणार. म्हणून आम्ही जानेवारी धरला. प्रत्येक धंद्याचा हंगाम असतो, तो पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

डिझाइनबद्दल थोडं. नागपूरची भिंत म्हटली की ग्राहकाच्या तोंडी तीन गोष्टी ठरलेल्या: संत्रं, वाघ आणि झिरो माइलचे घोडे. काकाजीही स्केच बघून म्हणालेच, "सगळं झकास आहे ताई, पण एवढी मोठी भिंत, एखादा वाघ नाई टाकला तर कसं वाटन?" मिरचीच्या चक्कीवर वाघ काय करणार, हे मी विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो. त्याऐवजी रस्त्याच्या पलीकडे उभं करून फोनवर स्केच दाखवलं आणि भरधाव बाइकवरच्या माणसाला यातलं काय दिसेल, ते त्यांनाच सांगायला लावलं. मिरची, खलबत्ता आणि नाव, एवढंच दिसतं हे त्यांच्याच तोंडून आलं. वाघ गेला. माझ्या मते दुकानाच्या भिंतीवर एकच मोठी गोष्ट असावी, दोन झाल्या की भिंत गर्दीची दिसते. ज्या वाळूच्या खरखरीत प्लास्टरवर बारीक रेष तुटते, तिथे तर हे आणखीच खरं. एक्झॉस्ट फॅनच्या खाली भिंत सतत काळवंडते, तिथे मी खलबत्त्याची गडद सावली आणून ठेवली. झाकता येत नाही ते चित्रात घ्यायचं.

अक्षरांचा ढोबळ नियम असा, की जितक्या फुटांवरून वाचायचं आहे त्याच्या दर १० फुटांमागे १ इंच उंची. ५० फुटांवरून वाचायचं तर ५ इंच. हे माप शिरोरेषेपासून खालच्या अक्षराचं धरा. वरच्या वेलांट्या-मात्रांना आणि खालच्या उकारांना जवळपास तितकीच जागा आणखी लागते, आणि नवखी मुलं नेमकी तीच सोडायला विसरतात. मग 'मूळ'चा दीर्घ ऊकार खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतो. आणखी एक, महाराष्ट्रात दुकानं-आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर सगळ्या दुकानांना मराठी फलक देवनागरीत लावणं बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दुकानाचं नाव भिंतीवर इंग्रजीत मोठं हवं असेल तर ग्राहकाला हे आधीच सांगून ठेवा. अक्षर शिकायचं तर एखाद्या जुन्या बोर्ड-पेंटरकडे जाऊन बसा. कॉलेजात मला जे कळलं नाही ते एका म्हाताऱ्या पेंटरने खडूने फरशीवर काढून दाखवलं होतं.

स्केच भिंतीवर न्यायला प्रोजेक्टर चांगला, पण तो अंधारातच चालतो आणि रस्त्यावर त्याला राखणदार लागतो. चौकटी आखायच्या तर सुताला गेरू लावून दोरी मारा. पेन्सिलने फूटभर पट्टी सरकवत गेलात तर २० फुटांत रेष चांगलीच खाली-वर झालेली असते. अक्षरांसाठी मी अजून खाका वापरते. कागदावर अक्षर काढायचं, कडेने सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद भिंतीला चिकटवून त्यावर गेरूची पुरचुंडी हलके थोपटायची. कागद काढला की ठिपक्यांनी अक्षर उमटलेलं असतं. वाऱ्यात कागद फडफडतो, तेव्हा दुसरा माणूस लागतोच.

आता लाल. सगळ्यात जास्त फसगत याच रंगात होते, तेव्हा जरा सविस्तर. पांढऱ्या इमल्शनमध्ये लाल स्टेनर, म्हणजे छटा आणायचा दाट रंग, ओतत गेलात तर आधी गुलाबी होतो, आणखी ओतला की मिरचीसारखा होतो असं वाटतं, पण तोवर स्टेनर इतका झालेला असतो की थर कच्चा राहतो आणि पहिल्या पावसात खालच्या भिंतीवर लाल ओघळ येतात. स्टेनर किती घालायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्यापलीकडे जाऊ नका. गडद रंग हवा असेल तर दुकानातून मशीनवर, गडद रंगांसाठीच्या बेसमध्ये करून घ्या. दुसरी गोष्ट, चटक लाल आणि चटक पिवळ्यातली बरीचशी रंगद्रव्यं उन्हाने उडतात, तर हिरमजी (तांबूस लाल) आणि रामरज (मातकट पिवळा) हे लोहाचे ऑक्साइड असल्याने वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून मी प्रत्येक मिरची आधी हिरमजी लालने पूर्ण भरली आणि चटक लालचे दोन हात फक्त वरून दिले. वरचा उडाला तरी खाली मिरची लालच राहणार, फक्त जरा वाळलेली. हे काकाजींना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "वाळलेलीच तर कांडतो आम्ही!"

सामानाचा हिशेब असा. बाहेरचं चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरमागे साधारण ५० चौरस फूट भरतं, भिंत खरखरीत असेल तर कमी. २०० चौरस फुटांच्या भिंतीला नुसत्या जमिनीच्या, म्हणजे चित्रामागच्या, रंगासाठी ४ ते ५ लिटर धरा. प्रायमर वेगळा. पुट्टी फक्त खड्ड्यांपुरती, आणि तीही बाहेरची. घरात वापरायची पुट्टी बाहेर लावली की पाण्याने फुगते. प्रत्येक रंग एकदाच, पुरेसा कालवा. अर्ध्यात संपला तर दुसऱ्यांदा तोच रंग जमत नाही. शेवटी पाण्यात मिसळणारा, मॅट म्हणजे न चमकणारा, पारदर्शक क्लिअर कोट. चकचकीत कोट पश्चिमेच्या भिंतीवर मारला तर संध्याकाळी ऊन चमकतं आणि चित्र दिसेनासं होतं.

भाव चौरस फुटावर सांगू नका, निदान लहान भिंतीला तरी. सपाट रंग आणि दोन अक्षरं असलेली २०० चौरस फुटांची भिंत आणि माणसाचा चेहरा असलेली तेवढीच भिंत यांचे कष्ट एकसारखे नसतात. सामान, परांचीचं भाडं, मदतनीसाची रोजी, तुमचे दिवस आणि डिझाइन, असे वेगवेगळे लिहा. डिझाइनचे पैसे आधी घ्या आणि किती बदल फुकट ते कागदावर असू द्या. बयाणा आल्याशिवाय रंग विकत घ्यायचा नाही. उधारीवर चाललेल्या भिंतीवर शेवटचा हात कधीच पडत नाही.

कागदावर आणखी तीन गोष्टी हव्यात. दुकानदार भाडेकरू असेल तर घरमालकाची लेखी परवानगी. भिंतीवर जाहिरात होणार असेल तर महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात आधी विचारणा, कारण १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आपल्या भिंतीलाही लागू होऊ शकतो. आपल्याकडे दहा झोन आहेत, दुकान कोणत्या झोनमध्ये येतं ते ग्राहकाच्या कर पावतीवर सापडतं. आणि तिसरी, हक्काची. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन कोणी सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सांगणाराच असतो. उद्या तुमची मिरची मसाल्याच्या पाकिटावर छापली गेली तर भांडायला जागा नाही. भिंतीपुरताच वापर आणि फोटो दाखवायचा तुमचा हक्क, अशी दोन वाक्यं लिहून घ्या. चित्रावरचं नाव आणि चित्राची मोडतोड याबद्दलचा कलाकाराचा नैतिक हक्क मात्र कायद्याच्या ५७व्या कलमाने वेगळा राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं म्युरल (भित्तिशिल्प) १९७९ मध्ये उतरवलं गेलं, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ५ लाख रुपये भरपाई सांगितली. आपल्या भिंतीच्या बाबतीत एवढं लांब कोण जाणार, पण कोपऱ्यात सही करायला लाजू नका.

परांचीवर चढायच्या आधी वर बघा. खांबावरून दुकानात येणारी विजेची तार भिंतीला लागूनच असते आणि लोखंडी परांची तिच्याजवळ नेणं म्हणजे जिवाशी खेळ. तार आड येत असेल तर महावितरणकडून व्यवस्था झाल्यावरच काम. उंच कामाला हेल्मेट आणि पट्टा, आणि घोडीवर शेवटच्या पायरीवर उभं राहायचं नाही. डोक्याला दुपट्टा आणि मीठ-साखरेचं पाणी हे नागपूरकराला सांगायला नको.

काम संपलं की प्रत्येक रंग थोडा थोडा वेगळ्या डब्यात भरून वर नाव, तारीख आणि दुकानाची चिठ्ठी चिकटवा. पावसाळ्यानंतर एकदा भिंत बघून यायची आणि ओरखडे भरून द्यायचे, एवढं मी भावातच धरते. डबे मात्र स्वतःकडेच ठेवा. काकाजींना म्हणून एक लालचा डबा दिला होता, दसऱ्याला मी गेले तर चक्कीचं शटर आणि त्यांच्या नातवाची सायकल, दोन्ही मिरचीच्या रंगाची.